परत दिलेली माती

आमच्याकडं जहाजाचा कारखाना आहे म्हटलं की पाहुणे हसतात. हसा बापहो, पोट धरून हसा. हिंगोली जिल्ह्यात समुद्र न्हाई हे मलाबी ठाऊक आहे. पण धरण आहे, आणि धरणाच्या काठाला एका शेठनं पत्र्याचं शेड टाकून लोखंडी नावा करायला घेतल्या होत्या. आधी मासे धरणाऱ्यांच्या नावा, मग पुरातून माणसं काढायच्या बोटी, मग पाण्यावर सोलरच्या प्लेटा ठेवायचे मोठाले तराफे. एक बोट झाली की ती ट्रकवर चढायची आणि साखऱ्याकडच्या रस्त्यानं सोयाबीनच्या रानातून धूळ उडवत निघायची. म्हशी चरायचं सोडून बघत राहायच्या. शेठ त्याला शिपयार्ड म्हणायचा, गाव नावेचं दुकान म्हणायचं.

माझं एकुलतं एक पोरगं तिथं वेल्डिंगला होतं, रोजंदारीवर. आयटीआय झालेलं, हातात कसब असलेलं. शेठ म्हणाला होता, शेड वाढलं की तुला कायम करतो. शेड वाढलं न्हाई तर पोरगं पुण्याकडं जाणार, हे ठरलेलं होतं. चाकणला गेलेले त्याचे दोस्त रोज फोन करून त्याचं डोस्कं खायचे. मला दुसरं काही नको होतं. पोरगं घरी राहावं, संध्याकाळी गाडीचा आवाज यावा, एवढंच. ह्याला कोणी हाव म्हणत असेल तर खुशाल म्हणो.

आता शेड वाढायचं कुठं? बाजूच्या जागेवर. आणि बाजूच्या जागेवर होता एक बंद पडलेला जुना कारखाना, फवारणीचं औषध बनवायचा. तो कितीक वर्षं तिथं पिंपं सांडत बसला होता. जमीन पाण्याच्या काठापर्यंत औषध प्यालेली. मग शहरातून प्रदूषण खात्याच्या एक तरुण साहेबीण आल्या, त्यांना सगळे मॅडम म्हणायचे. त्यांनी सांगितलं, आधी वरची माती खरवडून काढा, ती दूर खास खड्ड्यात नेऊन पुरा, जागा साफ करा, मगच शेडला परवानगी. बराबरच होतं त्यांचं. जेसीबी आलं, माती निघाली, रस्त्याच्या कडेला तिचा ढीग लागला, वरून ताडपत्री टाकली, कवटीचं चित्र असलेली पाटी रोवली. ट्रक आठवड्यानं येणार होते.

इथंच सगळं फसलं. आमच्याकडं दर उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं सरलं की लोकं तळातला गाळ ट्रॉल्या भरभरून रानात नेतात. बाप नेत आला, आजा नेत आला. धरणाचा काठ, जेसीबी, काळ्याभोर मातीचा ढीग, आणि वर उन्हाळा! ह्यावर आमचा माणूस दुसरा विचार करणारच न्हाई. कवटीचं म्हणाल, तर ते चित्र आमच्या घराघरात फवारणीच्या बाटलीवर असतंय, त्याला कोण भितं? आणि फुकट ते पौष्टिक. दोन-तीन दिवसांत भरदिवसा ढीग साफ झाला. ताडपत्रीसुद्धा कोणाच्या तरी कडब्यावर जाऊन बसली.

आमचे मालक त्यात मागं कसे राहतील? ट्रॉली घेऊन आले ते मिशीला पीळ देतच.

"कुठून आणली?" मी विचारलं.

"धरणावरून. गाळ हाय. अशी माती तू माहेरातबी पाहिली न्हाई."

"वास काहून येऊन राहिला मग?"

"औषधाचा. तिथं औषधाचा कारखाना होता का न्हाई? फवारणी आतच मुरलेली हाय समज. कीड लागायची बात न्हाई."

मी कपाळावर हात मारला. पोरगं तेव्हा बोट पोचवायला ट्रकसंगं दुसऱ्या धरणावर गेलं होतं, न्हाईतर त्यानं ट्रॉली वेशीतच अडवली असती. ते आलं आणि ओरडलं, "बाबा, विष हाय ते!"

"विष असतं तर झाकून काहून ठेवलं असतं?" बाप म्हणाला. "झाकून ठेवतेत ती चांगली वस्तू."

आता ह्याच्यावर काय बोलणार? ती माती हळदीच्या तुकड्यात पसरली गेली. बेणं लागलं, पाणी दिलं. एरवी हळदीत निंदून निंदून माझी कंबर मोडते. ह्या वर्षी तणाची काडी उगवली न्हाई. मालक बांधावर उभे राहून आल्या-गेल्याला दाखवायचे, "बघा, गवताचं नावच न्हाई!" मग पंधरवडा गेला, महिना गेला, आणि हळदीचंबी नाव दिसेना. मी एक बेणं उकरून पाहिलं तर बोटात गिळगिळीत लागलं. त्या दिवशी मालक बांधावर गेले न्हाईत.

तेवढ्यात मॅडम परत आल्या. ढीग न्यायला ट्रक येऊन रिकामे गेले होते, ते त्यांना कळलं होतं. त्यांनी गावाला पारावर बोलावलं आणि सांगितलं, "घाण साफ झाली न्हाई, घाण वाटली गेली. माती परत आल्याशिवाय परवानगी न्हाई. शेड न्हाई, कामं न्हाईत."

"आमी न्हाई नेली," गाव एका आवाजात म्हणालं.

आमचं रान मुरमाड, तांबूस. त्यात काळे चौकोन रस्त्यावरून दिसत होते, जशी भाकर करपते तशी. कोणी त्यावर तुराट्या टाकल्या, कोणी जुनी साडी वाळत घातली. माझ्या चुलत दिरानं तर कमाल केली. काळ्या मातीत दगड रोवला, शेंदूर फासला, नारळ फोडला आणि म्हणाला, देवाची जागा आहे, इथं कुदळ चालत न्हाई. ते बघून दुसऱ्यानं केलं, तिसऱ्यानं केलं. गावाच्या रानात पाहता पाहता नवे देव उभे राहिले. मॅडम बिचाऱ्या भल्या घरच्या, प्रत्येक दगडापाशी बूट काढून हात जोडायच्या आणि मग विचारायच्या, "हे कोणतं दैवत?" कोणी म्हसोबा म्हणायचं, कोणी मरीआई म्हणायचं. एकजण गडबडला आणि म्हणाला, "अजून ठरलं न्हाई."

मला हसू येत होतं आणि जीवबी जळत होता. एकेक दिवस जात होता तसं माझं पोरगं फोन घेऊन अंगणाच्या कडेला जाऊन बोलत होतं. आई बहिरी नसते. चाकण, रूम, कंपनीची बस, हे शब्द माझ्या कानावर पडत होते.

शेवटी शेठ स्वतः गणपतीच्या मांडवात आला, आरती घेतली आणि हात जोडून बोलला, "ज्या घरची माती परत येईल, त्या घरच्या एका माणसाला शेडात कायमचं काम. गणपतीच्या समोर बोलून राहिलो."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे देव उठले. दगड बांधावर, ट्रॉल्या रस्त्यावर! काल न्हाई न्हाई म्हणणारे आज एकमेकांच्या पुढं घुसत होते. चिखलात चाकं रुतायची, तरी ढकलत ढकलत चालले होते. ज्यांनी माती नेली त्यांनी तर आणलीच, ज्यांनी चिमूटभर नेली न्हाई तेबी शपथा घेऊन आणू लागले. तो पलीकडचा एक शेजारी, ज्याचं रान तिकडं टेकडीवर, तो टोपलं घेऊन आमच्या दारात आला.

"वहिनी, थोडी विषाची माती द्या की."

"कशाला?"

"विरजणाला. बाकीची माझी घालतो."

मी त्याला हाकललं, पण दुसऱ्या कोणीतरी दिली असणार, कारण संध्याकाळी त्याचीबी ट्रॉली रांगेत होती.

आमच्या मालकांनी आधी विषाची माती काढली. टीचभर थर होता, तो निघाला. मग ते थांबायचे सोडून खाली खरवडत गेले. "कमी भरली म्हणाले तर?" ते म्हणायचे. "पोराच्या कामाचा सवाल हाय." त्या तुकड्याची खालची माती माझ्या सासऱ्यानं उन्हाळ्याउन्हाळ्यात बैलगाडीनं गाळ आणून केलेली होती. मला रडू आलं. पण खोटं कशाला बोलू, मीच म्हणाले, "न्या. पोरगं राहिलं तर माती पुन्हा आणता येईल." आणि मीसुद्धा टोपल्यानं भरू लागले. मुरूम लागला तेव्हाच खोरं ठेवलं.

आता ढीग असा झाला की मूळ ढीग त्याच्या पोटात मावला असता. मॅडम आल्या, बघितलं आणि मटकन खुर्चीत बसल्या. "एवढी माती इथून निघालीच नव्हती," त्या म्हणाल्या.

"पावसानं फुगली," सरपंच म्हणाला.

त्यांनी ठिकठिकाणची माती तपासायला नेली. इथं मूठभर विष, तिथं मूठभर सोनं, सगळं कालवलेलं. निवडणार कसं, तांदूळ थोडेच आहेत! आता सगळाच डोंगर त्या खास खड्ड्यात न्यायचा, आणि खड्डा होता मूळ ढिगापुरता. म्हणजे खड्डा वाढवायला परवानगी, ट्रक वाढवायला परवानगी, आणि तोवर सगळं ठप्प. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, तसला कारभार. फक्त इथं दळणारेबी आमीच आणि खाणारेबी आमीच.

दसरा झाला आणि माझ्या पोरानं बॅग भरली.

"थोडं थांब रे लेकरा," मी म्हणाले. "तुझ्या बापानं सगळं रान खरवडून दिलं तुझ्यासाठी."

"त्यानंच तर अडलं, माय," तो म्हणाला. रागानं न्हाई, हळूच म्हणाला. "हा डोंगर हलेपर्यंत मी म्हातारा होईन."

पुसेगावच्या फाट्यावरून त्याला गाडीत बसवलं. घरी येऊन मी मालकांना नको नको ते बोलले. एरवी एकाला चार उत्तरं देणारा माणूस, त्या दिवशी पाण्याचा तांब्या हातात घेऊन तसाच बसला.

संक्रांतीच्या सुमाराला ट्रक आले. वर पांढरे कपडे, तोंडाला जाळ्या, हातात रबरी मोजे घातलेली माणसं. गाव बघायला जमलं. मालक ढिगाजवळ गेले आणि खालची थोडी माती हातात घेतली. लगेच एकजण धावत आला, "काका, दूर व्हा, घातक माती हाय!"

"अरे, माझ्या बापानं आणलेली हाय," मालक म्हणाले. त्या पोराला काय कळणार? त्यानं त्यांचे हात साबणानं धुवायला लावले. आमची माती ताडपत्रीखाली बांधून, धोक्याचा लाल फलक लावून गेली. मालक हात धोतराला पुसत ट्रक वळणापर्यंत बघत राहिले, आणि माझा त्यांच्यावरचा सगळा राग तिथंच गळाला.

त्यानंतर शेड भराभरा वाढलं. पाण्याच्या काठापर्यंत पत्रा गेला, मोठी क्रेन आली. शेठ शब्दाचा पक्का निघाला. ज्यांची माती आली त्या घरांना निरोप गेला: माणूस सोमवारी हजर पाहिजे. मी पोराला फोन लावला. तो म्हणाला, "माय, इथं वर्षाचं लिहून दिलंय. आत्ता सोडता येत न्हाई."

मालकांना नाव पाण्यात नसली तरी नुसती बघून चक्कर येते. शेठ म्हणाला, घरातलं कोणीबी चालेल. माझी जाऊ हसत म्हणाली, "ताई, तुमीच जा की! तुमीबी भरली होती ना टोपली?" ती थट्टा करून राहिली होती. मला मात्र ती थट्टा नीट ऐकू आली. एवढं रान गेलं, एवढी हळद गेली, आणि ती जागा रिकामी सोडू? सोमवारी मी गेले. पदरावर हेल्मेट काही बसेना, ते सारखं कानावर घसरायचं, आणि पोरं खिदळायची. आता बसतं. मी पत्र्यावरचा गंज घासते आणि नावांना रंग देते. माझा हात सारखा चालतो म्हणतात. ज्या जन्मात कधी नावेत बसले न्हाई, त्या जन्मात नावा रंगवून राहिले, हा काय प्रकार आहे मला अजून उमगलेलं न्हाई.

परवा उन्हाळ्यात पोरगं चुलत बहिणीच्या लग्नाला आलं. अंगानं भरलेलं, केस वेगळेच कापलेले. सकाळी म्हणालं, "माय, मला नवं शेड बघू दे की." मला असा आनंद झाला! वेल्डिंगची नवी मशीन, क्रेन, तराफा, सगळं दाखवायचं मनात ठरवत मी त्याच्या गाडीवर मागं बसून गेले. गेटवर नवा वॉचमन होता, परमुलखातला. त्यानं माझ्या गळ्यातलं कार्ड बघितलं आणि पोरापुढं काठी आडवी धरली.

"बाहर का आदमी अंदर नहीं आ सकता, मौसी."

"बाहेरचा?" मी म्हणाले. "अरे, हा माझा... ह्याच्यासाठीच तर..." वॉचमन काठी धरून वाट बघत होता. भोंगा झाला.

"जाऊ दे, माय," पोरगं म्हणालं. "तू जा आत. तुला उशीर होऊन राहिला."

त्यानं गाडी वळवली. मी हेल्मेट घातलं आणि आत गेले.