बबनच्या ढगांखालचं अस्तर

२०१२ साल. आज मी अठ्ठावन्न वर्षांचा. तेव्हापासून ही गोष्ट माझ्या तोंडातून बाहेर पडलेली नाही — बायकोपुढं नाही, देवापुढंही नाही. तुला सांगतोय म्हणून लगेच जवळ सरकू नकोस. हळहळलास तर इथंच थांबेन.

मी पेंटर. शाळा चौथीपर्यंत. पण पारनेर तालुक्यात अस्तर मारावं तर मीच. लांबी, म्हंजे पुट्टी, भरायची, काचकागदानं घासायची, वर प्रायमरचा हात — भिंत कशी, तर गाल ठेवावा अशी. आणि मग? वर रंग चढला की अस्तर कुणाला दिसतं? कोण म्हणतं, वा, काय अस्तर हाय?

बबन माझा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ, खर्ड्याचा. पुण्यात नवं काम शिकून आला. बदामी भिंतीवर तांबूस रंग द्यायचा अन् तो ओला आहे तोवर चुरगाळलेली चिंधी फिरवायची. भिंतीवर ढग उतरायचे. लोक दारात उभे राहून बघायचे. "दाजी, तुमच्या अस्तरावर माझी चिंधी पळती बघा," म्हणायचा. प्रेमानंच म्हणायचा. मला ते डसायचं. तीस वर्षं मी घासतोय, अन् नाव ह्या चिंधीवाल्याचं?

एका गुरुजींचा नवा बंगला होता, मुलीचं लग्न तोंडावर. हॉलच्या मोठ्या भिंतीला अस्तर माझं, नक्षी बबनची. मी — आता सांगतोच — प्रायमर मारलाच नाही. खडूची पावडर नुसत्या पाण्यात कालवली, चिकटायला त्यात काही घातलं नाही. तिचे दोन हात ओढले, वर बदामी रंगाचा पातळ हात. भिंत देखणी दिसत होती. आत सगळी पूड.

भिंत हातात घेण्याआधी रंगारी तिच्यावर तळहात ओढून बघतो. वरच्या पातळ रंगातूनही पूड लागली तर अस्तर कच्चं. बबननं हात उचललासुद्धा. मग खाली घेतला. "दाजींचं अस्तर. त्याला काय बघायचं?"

तेव्हा बोलता आलं असतं ना? मी तंबाखू मळत उभा राहिलो.

हळदीच्या दिवशी कुणाचा तरी पिवळा हात त्या भिंतीला लागला. एका बाईनं ओल्या फडक्यानं पुसलं, तर ताटाएवढा पापुद्रा ढगासकट खाली आला. मग त्याच्या शेजारचा. घर पाहुण्यांनी भरलेलं. गुरुजी बबनवर तुटून पडले. मग सगळे माझ्याकडं बघायला लागले — जुना माणूस ना मी! मी म्हणालो, "पुण्याची चिंधी हाय ती. फोटोपुरती टिकती."

घर हसलं.

बबननं पापुद्रा उचलला, उलटा केला, अंगठ्यानं चोळला. पांढरी पूड. मग माझ्याकडं बघितलं. एक शब्द बोलला नाही. बहिणीचा संसार मोडेल म्हणून गिळलं? की माझ्यावर थुंकायचीही त्याला गरज वाटली नाही? त्याच्या त्या गप्प बसण्याचा मला अजून राग येतो. होय, राग. तुला दुसरं काही ऐकायचं होतं?

परत त्याला कुणी भिंत दिली नाही. दसरा झाल्यावर बायकोला घेऊन तो ऊस तोडायला गेला.

हळदीवरून घरी आलो तर बायकोनं विचारलं, "तुमच्या अस्तरात तर काय न्हवतं ना?" मी भैरोबाची आण घेतली. ती मरेपर्यंत आपल्या भावालाच नालायक समजत राहिली.

हळदीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे लग्नाला कार्यालयात गेले. राखणीला गुरुजींचा म्हातारा चुलता तेवढा मागं. मी पत्रा घेऊन गेलो, भिंत खरवडली, पापुद्रे पोत्यात भरून ओढ्यात टाकले, खडूचा कण ठेवला नाही. म्हातारा म्हणाला, "आता ही भिंत तुमीच करा, पेंटर."

मी त्याच्या हातचा चहा घेतला आणि प्रायमरचा डबा उघडला.