परातीत वाढणारी धूळ

गगनबावड्यापासून जयसिंगपूरपर्यंत कुठेही चौकशी करा, ताऱ्यांमधल्या धुळीचं एवढं कौतुक असलेली बाई दुसरी सापडायची नाही. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या आणि आता संक्रांतीसाठी हलव्याचे दागिने करून देतात. पण व्याख्यान ऐकल्याशिवाय दागिना मिळत नाही. मुरगूडहून सुनेसाठी हलव्याचं मंगळसूत्र न्यायला आलेल्या एका बाईंना त्यांनी तासभर परातीसमोर बसवलं. "हा तीळ म्हंजे धुळीचा कण. आकाशातल्या दाट ढगात त्येच्यावर बर्फाचा थर चढतोय, हितं पाकाचा. मग कणाला कण चिकटतोय, वाढतोय, आन् शेवटी त्यातनंच आपली पृथ्वी!" बाई बिचाऱ्या म्हणाल्या, "व्हय ओ, पण मंगळसूत्र झालंय न्हवं?" तिकडे हाडं गोठवणारी थंडी आणि इथे पेटलेली शेगडी, हा फरक मी एकदा काढून दाखवला, तर काकूंनी आठवडाभर अबोला धरला.

खरं तर मी त्याच धुळीवर संशोधन करत होते. संगणकावर कणांची टक्कर घडवायची आणि ते चिकटून वाढतात का, ते बघायचं. तीन वर्षं माझे कण नुसते फुटत होते. शेवटी कंटाळून संशोधन सोडत असल्याचं पत्र लिहिलं आणि आधी काकूंना दाखवायला वर गेले. त्यांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "हात धू आन् ढवळाय बस." चमचाभर पाक, बोटांनी ढवळणं, वाळलं की पुन्हा चमचाभर. मी घाईनं जास्त ओतला आणि सगळ्याचा गोळा झाला. एरवी फटकळ असलेल्या काकूंनी गुपचूप नवे तीळ टाकले. "तिकडं कणाला वाढाय लाखो वर्सं लागत्यात. त्येनं कधी राजीनामा दिलाय व्हय? तुझी तीनच झाल्यात की गं!"

चार दिवसांनी तिळांवर काटे आले. पत्र मी दिलं नाही. गणित काही काकूंनी सोडवलं नाही, त्याला पुढे दोन वर्षं लागली. पण ती मी त्यांच्याच जिवावर काढली.

पदवी मिळाल्यावर प्रबंध घेऊन वर गेले. तो मांडीवर घेऊन काकू बराच वेळ पानं उलटत राहिल्या.

"लग्नाआधी मी बी ह्याच धुळीवर काम करत हुतो," त्या म्हणाल्या. "तुझ्यासारखंच पत्र लिवलं हुतं. मी दिलं. मला कुणी ढवळाय बसवलं न्हाय."

मी त्यांच्या पाया पडले. याहून जास्त काय करायला हवं होतं, ते मला अजून सुचलेलं नाही.