पान अठरा, मागचे ताण

ब्लेडकाकांच्या नाकावर राग असतो, असं शेजारी म्हणत. ते खरं नव्हतं. नाकावरचा राग कधीतरी उतरतो. काकांचा राग तीस वर्षांपूर्वी मुक्कामाला आला तो गेलाच नाही. दूधवाल्याने पिशवी दाराच्या चुकीच्या बाजूला ठेवली तरी ते त्याच्या अंगावर धावून जात. वय एकाहत्तर, गुडघे कुरकुरणारे, तरी भांडायचं म्हटलं की जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरत.

ते खेळण्यांच्या कारखान्यात चित्रं काढायचे. भोकं पाडलेल्या लोखंडी पट्ट्या, चाकं, नट-बोल्ट असा तो खोका, आणि त्यातून पूल, गाडी, क्रेन कशी जोडायची हे सांगणारी पुस्तिका. पुस्तिकेतलं प्रत्येक चित्र काकांच्या हातचं. खोक्यातला एखादा भाग बदलला की चित्रही बदलावं लागे. नव्याने काढायला आठवडा गेला असता, म्हणून जुन्याच ट्रेसिंग कागदावरची शाई ब्लेडने हलकेच खरडायची आणि तेवढाच भाग पुन्हा काढायचा, अशी पद्धत होती. या कामात काकांचा हात धरणारा कोणी नव्हता. कागद फाटला नाही, फुगला नाही, की शाई पसरली नाही. पॅकिंगवाल्यांनी म्हणूनच त्यांना ब्लेड नाव दिलं, आणि जिभेचा प्रसाद मिळाल्यावर ते बदलावं असं कुणाला वाटलं नाही.

त्यांच्या समोरच्या टेबलावर त्यांचा धाकटा भाऊ बसायचा. तो मॉडेल जोडायचा. थोरल्याची नजर पक्की, तर धाकट्याची बोटं पक्की. मालक पाहुण्यांना दोघांची टेबलं मुद्दाम दाखवायचे. दोघांनी घरंही एकाच मजल्यावर घेतली, दाराला दार लागून. आज त्या दोन दारांमधून विस्तव जात नव्हता.

भांडण झालं ते तीन नंबरच्या खोक्यातल्या क्रेनवरून. हुकाला वजन लावलं की ही क्रेन तोंडावर आपटायची. मुलांना तीच मजा वाटत असावी, पण मालकांना नाही. त्यांनी पुढचा दांडा आखूड करायला सांगितला. अकरा भोकांच्या पट्टीऐवजी नऊ भोकांची. काकांकडे दुरुस्तीची चिठ्ठी आली, तीत दांड्याबद्दलच लिहिलेलं होतं. काकांनी पुस्तिकेतले सगळे दांडे खरडून नऊ भोकांचे केले. पान अठरावर क्रेन मागून दिसते. तिथे दांडा मागे ओढून धरणारे दोन ताण होते, अकरा भोकांचे. ते तसेच राहिले.

दांडा आखूड झाल्यावर ताणही आखूड लागतात, हे जोडणाऱ्यालाच कळणार. खोक्यात पट्ट्या बरोबर नऊच्या गेल्या, चित्रात मात्र अकराच्या. मुलं खोके उलटेपालटे करून अकराची पट्टी शोधू लागली. कारखान्यात पत्रांचा ढीग पडला. एका मुलीने लिहिलं होतं की पट्टी तूच हरवलीस म्हणून बाबांनी मला मारलं, कृपया त्यांना सांगा. ते पत्र मालकांनी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं.

मग खापर कोणाच्या डोक्यावर फोडायचं हा प्रश्न आला. काका म्हणाले, मी समोर असतं ते काढतो, मला कोणी सांगितलं नाही. धाकटा म्हणाला, मी सांगितलं होतं, कागदाच्या समासात पेन्सिलने लिहिलं होतं. मालकांनी ट्रेसिंग मागवलं. समास कोराकरकरीत. मॉडेलही नव्हतं, कारण चित्र झालं की पट्ट्या पुढच्या मॉडेलसाठी सोडवायचा रिवाज होता. धाकटा सगळ्यांदेखत म्हणाला, "दादा खोटं बोलतोय." पुढच्या सोमवारी त्याला मॉडेलच्या टेबलावरून उठवून पॅकिंगला पाठवलं. कारखाना बंद पडेपर्यंत, म्हणजे एकोणीस वर्षं, तो पिशव्यांत नट-बोल्ट भरत होता. कारखान्यातली सगळ्यात हुशार बोटं ती.

काका जिंकले होते, पण त्यांना ते जिंकणं लाभलं नाही. 'खोटं बोलतोय' हे शब्द त्यांनी दाताखाली धरून ठेवले. पॅकिंगवाले कुजबुजतात, चूक चित्रवाल्याचीच होती असं म्हणतात, हेही त्यांच्या कानावर आलं होतं. आपल्यावर अन्याय झाला आहे, अशी त्यांची खात्रीच होऊन बसली. धाकट्याची सावली जिन्यात दिसली तरी ते दार आपटत.

अशात एक बाई आल्या. शाळेत गणित शिकवायच्या आणि या खोक्यांच्या सगळ्या आवृत्त्या जमवायच्या. कोणत्या आवृत्तीत कोणता भाग बदलला, चित्र कुठे बदललं, यावर त्या पुस्तक लिहीत होत्या. क्रेनबद्दल विचारायला आल्या तेव्हा काकांनी त्यांना तीन तास सोडलं नाही. बाई म्हणाल्या, काय बदललं एवढंच मला लिहायचं आहे, चूक कोणाची त्यात मला पडायचं नाही.

"मग पुस्तक कशाला लिहिता?" काका म्हणाले. "चूक कोणाची तेच लिहा. नावासकट लिहा. छापून येऊ दे एकदा."

बाईंनी मान डोलावली आणि जाता जाता सांगितलं की कारखान्याच्या भंगारातून मूळ ट्रेसिंगची गुंडाळी त्यांच्या हाती लागली आहे, पान अठराही त्यात आहे. काकांना आनंद मावेना. रविवारी घेऊन या म्हणाले. आणि रविवारी सकाळी काकूंना शेजारच्या दाराशी पाठवलं: त्याला म्हणावं ये, समोरासमोर होऊन जाऊ दे. काकू नको नको म्हणत गेल्या. धाकटा येणार नाही अशी त्यांची आशा होती, पण तो आला. उंबऱ्याच्या आत एक पाऊल टाकून उभा राहिला.

"चहा नको, खुर्ची नको," तो म्हणाला. "काय ते दाखवा."

काकांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. बाईंनी कागद उलगडला. शाई अजून काळीभोर होती. समास तसाच कोरा. काकांनी त्यावर बोट आपटलं आणि कुत्सितपणे विचारलं की कुठे आहे ते लिहिलेलं, दिसतंय का कुणाला.

बाई मात्र कागदावरून हात फिरवत होत्या. मग त्या उठल्या आणि त्यांनी कागद खिडकीच्या काचेवर धरला. मागून ऊन आलं. पेन्सिल गेली होती, पण टोकदार पेन्सिलीने जोर देऊन लिहिलं की कागदात चरे पडतात, आणि ते चरे ब्लेडने जात नाहीत. बाईंनी अडखळत वाचलं:

"दादा, मागचे ताणही नऊचे लागतात. जोडून पाहिलंय. बदल."

"हे मागाहून कोणीतरी लिहिलंय," काका म्हणाले.

"मग खरडलं कोणी?" बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज अगदी साधा होता, वर्गात गणित विचारावं तसा. "खरडल्याच्या रेघा उजवीकडून डावीकडे गेल्यात. तुमच्या सगळ्या दुरुस्त्या अशाच आहेत. तुम्ही डावखुरे ना?"

काका डावखुरे होते. कारखान्यात दुसरा डावखुरा नव्हता.

त्यांना ती विशिष्ट सकाळ आठवली नाही, कारण सगळ्या सकाळी सारख्याच असायच्या. आल्या आल्या टेबलावरचा कागद साफ करायचा. बोटांचे डाग, पेन्सिलीचं काही असेल ते सगळं खरडून टाकायचं, म्हणजे वरच्या शाईला मळ लागत नाही. त्यात काय लिहिलंय हे ते वाचत नसत. पेन्सिल म्हणजे घाण, एवढंच त्यांना माहीत होतं. म्हणजे मालकांसमोर ते खोटं बोलले नव्हते. हे मनात आलं आणि त्यांना स्वतःचीच किळस आली, कारण त्याचा आता काहीएक उपयोग नव्हता.

धाकटा पुढे आला. चष्मा पुसून त्याने काचेवरचं स्वतःचं अक्षर वाचलं. दोनदा वाचलं.

"मलाच वाटायला लागलं होतं," तो बाईंना म्हणाला, "की मी लिहिलंच नसेल."

काकूंनी पदर तोंडाला लावला. काका खुर्चीत बसले होते ते उठले, पुन्हा बसले. मग बाईंना म्हणाले, लिहा, याने सांगितलं होतं आणि मी न वाचता खरडलं. दोघांची नावं घाला, असं स्वच्छ लिहा.

"माझं नाव नको," धाकटा म्हणाला. "याच्या नावाशेजारी तर नकोच."

तो वळला. काकांनी त्याला हाक मारली. तीस वर्षांत पहिल्यांदा त्याला हाक मारली होती. धाकटा थांबला. त्याच्या चेहऱ्यावर दया नव्हती आणि रागही आता जुना, घट्ट झालेला होता.

"माझी बायको शेवटपर्यंत म्हणायची, तुम्हीच विसरला असाल लिहायला, सोडून द्या," तो म्हणाला. "तीसुद्धा, दादा. आता तिला काय दाखवू, सांग."

उत्तरासाठी तो थांबला नाही; उंबरा ओलांडून आपल्या दारात गेला.