डेगीची डावी कडी

अहमदपुरात कुणाच्याही घरी लग्नकार्य निघालं की आधी मुहूर्त ठरायचा आणि लगोलग निवृत्ती-केवळाबाईंना सांगावा जायचा. ही दोघं नवरा-बायको आचारी. दोन माणसांनी उचलायच्या तांब्याच्या मोठ्या डेगीला दोन कड्या असतात. उजवी निवृत्तीची, डावी केवळाबाईची. डेग चुलीवरून उतरवायची वेळ झाली की दोघं कड्यांना फडकं गुंडाळत, केवळाबाई "हाव", म्हणजे हो, म्हणायची आणि डेग उचलली जायची. बावीस वर्षांत तिच्या "हाव"आधी निवृत्तीनं कधी कडीला जोर लावला नव्हता. घरात तो तिचं किती ऐकायचा हे विचारू नका, पण चुलीपाशी मात्र ऐकायचा.

केवळाबाई अंगानं दांडगी. दांडगी म्हणजे एकशे अठरा किलो! लोक म्हणत, हिच्याकडं बघूनच जेवणाची खात्री पटते. तिलाही ते ऐकायला गोड वाटायचं. पण गुडघे गेले, साखर वाढली, रात्री घोरता घोरता श्वास अडकू लागला. हैदराबादला नोकरी करणाऱ्या लेकीनं, सिंधूनं, हट्टच धरला. डिसेंबरात वजन उतरावं म्हणून तिथल्या डॉक्टरांनी ऑपरेशन करून केवळाबाईचं पोट कापलं आणि केळ्याएवढं ठेवलं. घरी येताना चार पानांचा इंग्रजी कागद हातात दिला. सिंधूनं त्यातलं पहिलं पान वाचून दाखवलं: आधी सगळं पातळ द्यायचं. बाकीची पानं पुढच्या खेपेला वाचू म्हणून ती कामावर गेली.

पुढची खेप झालीच नाही. लग्नसराई आली, हैदराबाद लांब पडलं. आणि निवृत्ती पडला आचारी! बायकोला पातळ द्यायचं म्हटल्यावर त्यानं जीव ओतला. भाताची पेज, ज्वारीची पेज, वरणावरचं पाणी, भाजीचा गाळलेला रस. तीन महिने त्यानं तिच्या दातांना काम म्हणून दिलं नाही. वजन झरझर उतरलं, त्याला वाटलं आपली पेज लागू पडली. केस मुठीनं गळत होते, ती पाटावरून उठताना भिंत धरत होती, तरी दोघांना वाटायचं ऑपरेशन म्हटल्यावर एवढं चालायचंच.

मार्चात एका बारशाला डेग उतरवायची वेळ आली. केवळाबाईनं कडी धरली, "हाव" म्हणाली, आणि तिची बाजू जमिनीवरून हललीच नाही. निवृत्तीनं गुपचूप मांडववाल्या केरबाला हाक मारली. केरबानं डावी कडी धरली, डेग उतरली. सगळे पंगतीकडं वळले. तेच तिला जास्त लागलं.

घरी आल्यावर निवृत्ती म्हणाला, "आता तू नुसती बसून सांगत जा. उचलायचं आम्ही बघतो."

"मला देव्हाऱ्यात बसवून राहिलाव का?" ती म्हणाली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा रडली. दुष्काळामुळं त्या साली कुणाला वेगळं लग्न परवडत नव्हतं. अक्षय्य तृतीयेला एकवीस जोडप्यांचं एकच लग्न ठरलं होतं आणि स्वयंपाक यांच्याकडं होता. त्या दिवशी डावी कडी आपल्या हातात नसली तर आपण आचारी नाही, फक्त आचाऱ्याची बायको, हे तिच्या मनानं घेतलं.

गल्लीच्या टोकाला मडिवाळप्पा वस्तादांची तालीम होती. वस्ताद सत्तरीचे, उदगीरकडचे. हौद्याच्या मातीला शिंपडायला पाणी नाही म्हणून कुस्त्या बंद, पैलवान पांगलेले. वस्ताद दिवसभर दारात बसून, उदगीर नवा जिल्हा झाल्यावर अहमदपूर त्यात जाणार की लातुरातच राहणार, यावर येणाऱ्या-जाणाऱ्याशी भांडत. केवळाबाई त्यांच्याकडं गेली. ताकद पाहिजे म्हणाली.

वस्तादांनी जन्मात माणसं फक्त फुगवली होती. तरी रिकाम्या तालमीत कुणीतरी आलं याचाच त्यांना एवढा आनंद झाला की त्यांनी स्वतः खलबत्त्यात बदाम-खसखस कुटली, वाटीभर साखर घातली आणि थंडाईचा लोटा तिच्यापुढं धरला. "खुराक घ्या आधी बाई. ताकद मागनं येती." वस्तादांनी दिलेला खुराक परत करायचा नसतो, म्हणून अर्धा लोटा तिनं कसाबसा संपवला. अर्ध्या तासात घामानं लुगडं भिजलं, छाती धडधडायला लागली, डोळ्यांपुढं अंधारी आली. हाक ऐकून धावत आलेल्या निवृत्तीनं तिला आडवं केलं. वस्ताद पटका काढून उंबऱ्यावर बसले आणि संध्याकाळपर्यंत हलले नाहीत. "चन्नबसवेश्वरा, एवढ्या बारी सांभाळ," एवढंच चाललं होतं.

फोनवरून सिंधूनं आईला झाडलं, बापाला झाडलं, आणि नांदेडच्या एका दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञाचा पत्ता दिला. दुसऱ्या दिवशी एस्टीनं तिघं निघाली. वस्तादांना कुणी या म्हटलं नव्हतं. गुन्हा माझा हाय, असं म्हणत तेच आधी चढून बसले.

आहारतज्ज्ञ पंचशीला ही जेमतेम तिशीची, उमरीची पोर. तिनं चारही पानं वाचली, मग निवृत्तीकडं बघितलं. "काका, पातळ पहिल्या काही आठवड्यांसाठी होतं. तुम्ही तीन महिने पेजेवर ठेवलं? मावशीचं मांस झिजून राहिलंय."

निवृत्तीची मान खाली गेली. इतक्या मायेनं केलेली पेज बायकोला पोखरत होती, हे त्याला सोसवेना.

"मला कुणी सांगितलंच न्हाई," तो पुटपुटला.

"म्हणून तर आता सांगते." पंचशीलेनं एक छोटी वाटी पुढं ठेवली. "मावशी, आता पोट एवढंच. आधी डाळ, उसळ, अंडं, नाहीतर पनीर. मग भाजी. जागा राहिली तर भाकर. पाणी जेवताना नाही, अर्ध्या तासानं. घास पंचवीसदा चावायचा. साखर बंद, ती या पोटाला सोसत नाही. गोळ्या जन्मभर."

केवळाबाई चक्रावली. जन्मभर तिनं ताटात आधी भाकरी वाढली होती. "आन् वरणाची चव बघायची तर?"

"चमचाभर. दुसऱ्यांदा बघायची तर निवृत्तीकाकांनी बघायची."

वस्ताद खुर्ची ओढून पुढं सरकले. आता त्यांनी विचारलं, "पर जोर? बैठका?"

पंचशीलेनं तिथूनच हैदराबादच्या डॉक्टरांना फोन लावला, रक्त तपासायला पाठवलं आणि कागदाच्या मागं मराठीत लिहून दिलं. खुर्चीवरून दहादा उठणं, भिंतीला जोर, मग हातात वजन, आठवड्याला थोडंच वाढवायचं. चक्कर आली की बंद. आणि लग्नात डेग उचलायचीच असली तर अर्धी भरलेली. वस्तादांनी तो कागद पटक्यात खोचला. येताना एस्टीत दबक्या आवाजात म्हणाले, "त्ये पांढरं रोज खा बाई. आमच्यात चालत न्हाई, पर तुमाला लागू हाय." अंड्याचं नाव घेणं त्यांच्या लिंगायत तोंडाला जमेना.

दुसऱ्या दिवसापासून तालीम पुन्हा सुरू झाली, एका पैलवानाची. वजनाला वस्तादांनी पाण्याचे दोन कॅन घेतले आणि कोळशानं खुणा केल्या. पहिल्या आठवड्याला दोन तांबे पाणी, मग तीन. लातूरला त्या दिवसांत रेल्वेनं पाणी येत होतं, अहमदपुरात टँकरची वाट बघावी लागे. त्यामुळं व्यायामाचं पाणी सांडायचं नाही, हा नियम. तेच पाणी रोज उचलायचं, आठवड्यानं ते तालमीतल्या कडुनिंबाला. खुर्चीवरून उठताना वस्ताद मोजत, आणि आठव्याला ती थकली की मुद्दाम नव्या जिल्ह्याचा विषय काढत. ती चिडून उत्तर देण्याच्या नादात दहा पुरे करायची.

निवृत्ती मात्र घरी मटकी भिजवत होता, डाळ घोटत होता. तो तालमीकडं एकदाही फिरकला नाही. केवळाबाईला वाटलं, यानं आपल्याला बसवूनच ठेवायचं ठरवलं असणार.

अक्षय्य तृतीयेला मांडवात एकवीस जोडपी बसली. पाणी मोजून मिळालेलं, सगळ्या डेगी आपोआप अर्ध्याच होत्या. वरण शिजलं, उतरवायची वेळ झाली. सवयीनं केरबा पुढं आला.

"तू पंगतीकडं बघ," निवृत्ती त्याला म्हणाला. मग त्यानं खांद्यावरून दोन फडकी काढली. एक स्वतःच्या कडीला गुंडाळलं. दुसरं वाकून डाव्या कडीला गुंडाळलं, चटका बसू नये म्हणून दोनदा घट्ट केलं, आणि आपल्या जागी जाऊन उभा राहिला.

केवळाबाईनं पाय रोवले, वस्तादांनी सांगितल्यासारखे गुडघे वाकवले आणि कडी धरली. पलीकडं निवृत्तीनं जोर लावला नाही. वाफेत त्याचे डोळे तिच्यावर लागले होते, आणि तो वाट बघत होता.

"हाव," ती म्हणाली.