उद्याकाकांनी बिघडवून दिलेलं घर

उद्याकाका जिन्याच्या पहिल्या पायरीवर होते, तेव्हाच चौथ्या मजल्यावरच्या आमच्या कपाटातल्या कपबशा आपसात कुजबुजायला लागल्या. मला आधी वाटलं, खाली रस्ता खणायचं यंत्र आलं. मग वाटलं, कुणीतरी अख्खं भांड्यांचं दुकान एकेक पायरी करत वर ओढतंय. तो गडगडाट आमच्या दाराशी येऊन थांबला आणि दारावर अशी थाप पडली, की आतली कडी कुणी न काढता निघाली. दारात एक माणूस उभा होता. म्हणजे त्याचा मधला भाग दारात होता, उरलेला दोन्ही बाजूंच्या भिंतींनी वाटून घेतला होता. मिशा अशा, की त्यांना वेगळी खोली द्यावी. खांद्यावर ताडपत्रीची पिशवी, आणि तिच्यात हातोड्या, पाने, रंधे, करवती असं इतकं लोखंड, की त्यातून एखादा लहानसा पूल उभा राहिला असता.

माझ्या नमस्काराकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते तडक स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. ते दार वाऱ्याने हलत होतं आणि नेहमीसारखं कुरकुरत होतं. त्यांनी ते एकदा पुढे लोटलं, एकदा मागे ओढलं आणि डॉक्टर छातीला नळी लावून ऐकतात तसं डोळे मिटून ऐकलं. मग दाराच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "किती सोसलंस रे बाबा."

मला भरून आलं. इतक्या वर्षांच्या संसारात मला असं कुणी म्हटलं नव्हतं.

मग त्यांनी घरभर हिंडून सगळे रोग पाहिले, काही नाही हो साहेब, अर्ध्या दिवसाचं काम आहे, उद्या येतो, असं म्हणाले आणि त्यानंतर तीन वर्षं आले नाहीत.

त्यांना उद्याकाका का म्हणतात, हे मला नंतर कळलं. त्यांचं लग्नसुद्धा ठरलेल्या दिवसाच्या दुसऱ्या दिवशी लागलं, असं आमच्या खालच्या मजल्यावरचा शिंपी शपथेवर सांगायचा. मग दुसरा कारागीर का आणला नाही, असं कुणीही विचारेल. माझी बायको तर रोज विचारायची. पण उद्याकाकांनी बसवलेली वस्तू पुन्हा हलत नाही, अशी सगळ्या वस्तीत ख्याती होती आणि ती पसरवण्यात स्वतः उद्याकाका सगळ्यात पुढे होते. "मी ठोकलेला खिळा काढायलाही मलाच बोलवावं लागतं," असं ते मिशीवरून हात फिरवत सांगत. रस्त्यात भेटले, की माझी नाही, दाराची चौकशी करत. दार कसं आहे? तसंच आहे. आवाज तोच ना? तोच. काळजी घ्या, उद्या येतो.

तोवर आम्ही घराला सरावलो होतो. स्वयंपाकघराचं दार वाऱ्याने थोडं हलायचं, पण पुरतं उघडायचं तर आधी त्याला कमरेने वर उचलायचं आणि मग लोटायचं. न्हाणीघराचा नळ कितीही पिळला तरी टपटपत राहायचा. बोळातून स्वयंपाकघरात उतरायला एक पायरी होती, तिच्या आधीची फरशी पाय पडला की टक् म्हणायची. बाल्कनीची काच तर खालून नुसती सायकल गेली तरी थरथरायची. मी एकदा पेचकस हातात घेऊन तिच्याजवळ गेलो, तर बायको म्हणाली, "अहो, थरथरतेय ती. फुटायला लावू नका."

या सगळ्याबद्दल चकार शब्द न काढणारं घरात एकच माणूस होतं. ती माझी आत्या. तिने मला लहानाचं मोठं केलं आणि जन्मभर शाळेत गणित शिकवलं. तिची नजर काही वर्षांपासून उतरत चालली होती. डोळ्याचा मागचा पडदाच झिजलाय, आता काही करता येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आत्या म्हणायची, अंधुक दिसतं, पण पुरेसं दिसतं. आमचा विश्वास बसायचा, कारण ती घरात अशी फिरायची, जशी पूर्वी परीक्षेच्या वर्गात फिरायची. सकाळचा चहा ती स्वतः करायची, तिचाही आणि आमचाही.

फक्त तिने एक सांगून ठेवलं होतं. ज्या दिवशी तिला या घरात हात धरून न्यावं लागेल, त्याच्या दुसऱ्या दिवशी ती वृद्धाश्रमात जाईल. तिथे तिने नावही नोंदवलं होतं. ही नुसती धमकी असेल असं समजायची सोय नव्हती. तिच्याच वर्गात असताना तिने मला, अभ्यास केला नाहीस तर नापास करीन, असं बजावलं होतं आणि केलंही होतं.

तर एकदा आत्या काही आठवड्यांसाठी तिच्या धाकट्या बहिणीकडे गेली आणि बायकोने ठरवलं, की आत्या परत येतील ते नव्या घरात. फरशी हलते, दार अडतं, एवढ्याशा नजरेने त्या कुठेतरी ठेचकाळतील, हे तिच्या मनाला लागून राहिलं होतं. ती थेट कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात गेली. तिथे उद्याकाका कुणालातरी उद्याचा वायदा देत बसले होते आणि पिशवी बाकाखाली होती. बायकोने त्यांच्याशी एक शब्दही न बोलता समोरच्या हमालाला खूण केली आणि पिशवी चौथ्या मजल्यावर पोचवली. मग खाली येऊन म्हणाली, "काका, पिशवी आमच्याकडे आहे. काम झालं की मिळेल."

वासरामागे गाय यावी तसे उद्याकाका पिशवीमागे वर आले.

आणि एकदा आले ते मग हलेनात. अर्ध्या दिवसाचं काम त्यांनी आठवडाभर केलं. काम करताना ते अखंड बोलत आणि सगळं स्वतःबद्दल. दाराखालून रंधा मारला, नव्या बिजागऱ्या बसवल्या, नळाचा वायसर बदलला, फरशी सिमेंटात अशी जखडली, की इमारत पडली तरी ती तिथेच राहिली असती. काचेला चारी बाजूंनी लांबी, म्हणजे पुट्टी, भरून तिची थरथर बंद केली. एवढं करून जुनं काहीच फेकलं नाही. गंजलेल्या बिजागऱ्या, झिजलेला वायसर, सगळं पिशवीतल्या एका डब्यात भरून ठेवलं. घरी संग्रहालय काढताय का, असं बायकोने विचारलं, तर म्हणाले, "असू दे वहिनी. वायसर आहे, शत्रू नाही."

काम झालं त्या दिवशी घर इतकं गप्प झालं, की मी उगाच खाकरून पाहिलं. बायको एका बोटाने दार उघडायची, एका बोटाने लावायची आणि माझ्याकडे पाहायची. शेजारणी दार पाहायला येऊन गेल्या. शिंप्याने तर ते उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं आणि खाली निघून गेला. मोठी माणसं अशी दारासमोर हरखून उभी राहिलेली मी आधी कधी पाहिली नव्हती.

मग आत्या आली. मी तिला रिक्षातून उतरवून वर आणलं. दाराशी तिने चपला काढल्या, सवयीने माझा हात झटकला आणि ताठ मानेने आत चालू लागली. बायको बोळाच्या टोकाला हसू दाबून उभी होती.

आत्या दहाबारा पावलं चालली आणि तिची चाल मंदावली. तिने मान एकदा डावीकडे वळवली, एकदा उजवीकडे. एक पाऊल चाचपून पुढे टाकलं, मग मागे घेतलं. मग भलतीकडेच वळली आणि तिचं कपाळ कपड्यांच्या कपाटावर आपटलं.

"अरे," ती म्हणाली, "हे कुणाचं घर?"

बायकोला वाटलं, कौतुक चाललंय. ती उत्साहाने सांगायला लागली, की ओळखलं नाहीत ना, सगळं दुरुस्त करून घेतलंय. आत्याने हात वर केला. "थांबा. सगळे गप्प बसा." आम्ही गप्प बसलो. त्याने आणखीच बिघडलं. आत्या हाताने भिंत शोधत होती आणि भिंत जिकडे नव्हती तिकडे शोधत होती. तिच्यापुढे पायरी होती. मी धावत जाऊन तिचा हात धरला आणि तिला खुर्चीवर आणून बसवलं. हात धरून. ते माझ्याही लक्षात आलं आणि तिच्याही.

"माझी बॅग उघडू नका," आत्या शांतपणे म्हणाली. "आज राहते. उद्या जाते."

मग तिने सगळं सांगितलं, गणित सोडवून दाखवावं तसं. गेली दोन वर्षं तिला उजेड आणि अंधार यांच्यापलीकडे काही दिसत नव्हतं. नळ टपटपतो ते डावीकडचं न्हाणीघर. काच थरथरते ती बाल्कनी. फरशी टक् वाजली की पुढे पायरी. दार कुरकुरतं तिकडे स्वयंपाकघर, आणि कुरकुर कितपत ऐकू येते त्यावरून ते किती दूर आहे तेही कळायचं. "घर सांगायचं, मी चालायचे," ती म्हणाली. "आता ते बोलतच नाही."

ज्या आवाजांना आम्ही तीन वर्षं शिव्या घातल्या, त्यांच्यावर ही बाई आमच्या डोळ्यांसमोर संसार करत होती, रोज उकळता चहा आणून आमच्या हातात देत होती, आणि आम्हा डोळसांना पत्ता नव्हता. मी घाईघाईने उपाय सुचवले. दोरी बांधू. दारांना घुंगरं लावू. "मी काय बैल आहे?" आत्या म्हणाली.

बायको मात्र तेवढ्यात अनवाणीच जिना उतरून गेली होती. चहाच्या दुकानात तिने उद्याकाकांना झाला प्रकार सांगितला. घर पुन्हा होतं तसं करा, आत्या उद्या जाणार आहेत, असं तिने विनवलं. उद्याकाकांनी कप खाली ठेवला.

"उद्या?" ते म्हणाले. "मग आजच यायला हवं."

त्या दुकानात असा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. चहावाला किटली हातात धरून बघतच राहिला, असं बायको सांगते.

वर आल्यावर ते आधी फुगून बसले. आपण केलेलं काम बिघडवायचं म्हणजे काय, असल्या कामाला आजवर हात लावला नाही, वगैरे. मग आत्याच्या कपाळावरचं टेंगूळ त्यांना दिसलं. "माझं काम बिघडवणं कुणा ऐऱ्यागैऱ्याला जमायचं नाही," असं म्हणून त्यांनी डबा उघडला.

जुना वायसर बसवला आणि नळ टपकू लागला. बाहेरच्या खोलीतून आत्या म्हणाली, "हं. न्हाणीघर." काचेची लांबी खरवडली. फरशीने मात्र त्यांना रडवलं. स्वतःच भरलेलं सिमेंट फोडताना ते स्वतःलाच शिव्या देत होते आणि प्रत्येक शिवीनंतर, पण काम काय चोख केलंय बघा, असंही म्हणत होते. शेवटी फरशी नुसत्या वाळूवर बसवली. तिने टक् म्हटलं.

राहिलं दार. जुन्या बिजागऱ्या परत लावल्या, तरी ते बोलेना. रंध्याने खालचं लाकूड गेलं होतं, त्यामुळे त्याला आता सोसण्यासारखं काही उरलं नव्हतं. मग बोळात खुर्ची टाकून आत्या बसली आणि उद्याकाका दारापाशी गुडघ्यांवर बसले. त्यांनी खाली लाकडाची पट्टी चिकटवली, वरचे स्क्रू ढिले केले, बिजागरीतलं तेल रॉकेलने धुतलं आणि दार ढकललं.

"हे दार नाही, मांजर आहे," आत्या म्हणाली.

त्यांनी बिजागरीची सळई काढून घासली.

"आता पाळणा झाला."

पुन्हा काढली, पुन्हा घासली. दुपार कलली. आम्ही नवरा-बायको भिंतीला टेकून उभे होतो. उद्याकाका बोलायचे थांबले होते, हेच मला खरं वाटत नव्हतं.

"जवळ आलात," आत्या म्हणाली. "पण आमचं दार सलग नाही कुरकुरायचं. आधी थोडं, मग..."

"मग दम खायचं," उद्याकाका म्हणाले. त्यांचे डोळे मिटलेले होते. "दीड वीत उघडलं की. आणि मग दुसरी कुरकुर खालच्या पट्टीत. हो की नाही, बाई?"

आत्याने मान त्यांच्या आवाजाकडे वळवली. "तुम्ही कधी ऐकलंत?"

"तीन वर्षं झाली. पहिल्यांदा आलो होतो तेव्हा."

एका दाराची कुरकुर हा माणूस तीन वर्षं डोक्यात घेऊन वस्तीभर हिंडत होता. रस्त्यात भेटल्यावर आवाज तोच ना म्हणून विचारायचा, ते त्याला खरंच माहीत करून घ्यायचं असायचं. मी एकदा त्या दोघांकडे पाहत होतो, एकदा दाराकडे.

उद्याकाकांनी कानस घेऊन सळईवर मधेच एक खाच पाडली. दार लोटलं. ते कुरकुरलं, थांबलं आणि खालच्या पट्टीत पुन्हा कुरकुरलं.

आत्या उठली. मी नकळत हात पुढे केला, तो तिने झटकला. ती ताठ मानेने चालत गेली, फरशी टक् म्हणाली, ती पायरी उतरली, दाराला कमरेने उचलून आत गेली. आतून भांडं ठेवल्याचा आवाज आला, मग गॅस पेटल्याचा. आम्ही तिघं बोळात देवळात उभे राहावं तसे उभे होतो. थोड्या वेळाने ती कपबशी घेऊन बाहेर आली आणि उद्याकाका जिथे होते, बरोबर तिथे येऊन तिने चहा त्यांच्या हातात दिला.

"साखर कमी वाटली तर सांगा," ती म्हणाली. "उद्या घालीन."

मग बायकोकडे वळून म्हणाली, की माझी बॅग उघडायला हरकत नाही.

त्यानंतर आत्या चार वर्षं त्या घरात स्वतःच्या पायांनी फिरली. तिच्यामागे आम्ही ते घर विकायला काढलं. उद्याकाका तोवर गुडघ्यांमुळे काम सोडून लेकीकडे राहायला गेले होते. घर पाहायला येणारे दाराबद्दल तक्रार करायचे, म्हणून एक दिवस दलालाने येताना तेलाची बाटली आणली आणि बिजागरीत दोन थेंब सोडले. त्यानंतर दार वाजलं नाही.