चकचकीतराव आणि प्लॅटिनमची अंगठी

चकचकीतराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, पण खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस त्या गल्लीत उरलं नव्हतं. दागिन्यांच्या दुकानांमागे, जिन्याखालच्या खोलीत त्यांचं पॉलिशचं काम चाले. एक मोटार, तिच्या दोन्ही अंगांना कापडी चाकं, पॉलिशच्या चिकट वड्या, आणि मध्ये स्टुलावर स्वतः चकचकीतराव, कपाळापासून हनुवटीपर्यंत काळेकुट्ट. जगातली यच्चयावत वस्तू मळलेली आहे आणि ती घासायलाच आपला जन्म झाला आहे, अशी त्यांची ठाम समजूत होती. ती कुणी कधी खोडायला गेलं नाही, कारण दगडावर डोकं आपटायची हौस कुणाला असते?

लहानपणी त्यांनी आईचा मुलामा दिलेला चमचा घासघासून आतलं पितळ बाहेर काढलं होतं. मग वडिलांच्या घड्याळाची तबकडी हाती लागली, तिच्यावरचे आकडे गेले. वडिलांनी कान धरून त्यांना पॉलिशवाल्याकडे नेऊन बसवलं. पोराला धंदा मिळावा हे तर होतंच, पण घरातलं उरलंसुरलं सामान वाचावं हाही हेतू होता.

धंद्यात मात्र त्यांनी चांगलंच बस्तान बसवलं, कारण गिऱ्हाइकंही त्यांच्याच तोलामोलाची मिळाली. आजीच्या बोटातली अंगठी आणायची आणि वर म्हणायचं, "अगदी नवी वाटली पाहिजे हं!" नवी हवी तर नवी घे ना बाई! पण नाही. जुनी म्हणून मिरवायचीही आहे आणि जुनी दिसायलाही नको आहे. चकचकीतराव अशा लोकांना देवासारखे वाटत. अंगठी चाकावर धरली की आजीसकट सगळं साफ.

त्यांच्या हाती लागलेल्या मालात सर्वांत अभागी म्हणजे प्लॅटिनमच्या जुन्या अंगठ्या. प्लॅटिनम हा हट्टी धातू. वितळायला सोन्याहून कितीतरी जास्त आच लागते, कापायला पट्टीचा हात लागतो. पण एकदा वळला की केसाएवढ्या तारेतही हिरा घट्ट धरून ठेवतो. म्हणून जुने कारागीर त्याची लेस विणल्यासारखी जाळी करत. बारीक करवतीने एकेक भोक कापायचं, मग त्या भोकातून दोरा ओवून आतली बाजूही घासायची, जिथे कुणाची नजर जाणार नाही तिथेसुद्धा. शेवटी दातेरी चाकाचं छोटं हत्यार काठावरून फिरवून खसखशीसारख्या दाण्यांची ओळ उठवायची. वर्षानुवर्षं बोटात राहून या धातूवर राखाडी, मऊ साय येते. जाणकार त्या सायीसाठी जीव टाकतात. चकचकीतराव तिला मळ म्हणत.

"मेलेल्या माणसांची नक्षी," ते म्हणायचे. "तोंड दिसलं पाहिजे दागिन्यात!" त्या तोंडात बघण्यासारखं काय होतं, हे विचारायचं धाडस कुणी केलं नाही.

अशीच एक अंगठी त्यांच्या घरात होती, त्यांच्याच बायकोच्या बोटात. तिचे आजोबा प्लॅटिनमचे कारागीर. त्यांनी ती आजीसाठी घडवली, आजीकडून ती आईकडे आली, आईने जाताना लेकीला दिली. दोन्ही बाजूंना हाताने कोरलेली पानं, वर जाळी, काठाला दाणे. मधला हिरा जुन्या पद्धतीने पैलू पाडलेला. दुकानातल्या झगझगीत दिव्याखाली तो नव्या हिऱ्यांसारखा डोळ्यांत घुसत नसे, पण दिवेलागणीच्या उजेडात आतून पेटल्यासारखा दिसायचा. लग्न ठरल्यावर पहिल्यांदा भेटले तेव्हा चकचकीतरावांनी होणाऱ्या बायकोचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "किती काळवंडली आहे! दे, चमकवून आणतो." तिने मूठ मिटली ती संसारभर उघडली नाही. बाकी घरातले दरवाज्यांच्या मुठी, नळ, पंख्याची पाती सगळं तिने त्यांच्या हवाली केलं. ही एक वस्तू तेवढी वाचली होती.

मग तिची बोटं सांधेदुखीने सुजायला लागली. अंगठी रुतली, साबण लावून कशीबशी काढली. आईचं असं दुसरं काही तिच्याजवळ नव्हतं. अंगठी बोटात नसली की ती कावरीबावरी होई, काम करताना मध्येच थांबून रिकाम्या बोटाकडे बघत बसे. अंगठी वाढवायची तर भाऊ होताच, तोही आजोबांच्याच कामातला, सांधे जोडण्यात तरबेज.

"तुम्ही फक्त नेऊन द्या आणि घेऊन या," तिने नवऱ्याला बजावलं. "मध्ये काही करू नका. आईची शपथ आहे तुम्हाला."

"अगं, मी काय लहान आहे का?" चकचकीतराव म्हणाले.

मेव्हण्याने काम झकास केलं. पट्टी कापून प्लॅटिनमचाच तुकडा जोडला, सांधा चाचपूनही कळेना. फक्त तो नवा तुकडा थोडा पांढरा दिसत होता.

"तो डाग आहे तसा राहू द्या, भावोजी," मेव्हणा म्हणाला. "वापरात आपोआप मिसळून जाईल. मोटार लावू नका."

झालं! डाग म्हटलं आणि चकचकीतरावांच्या हातांना कंड सुटली. मोटार लावू नका म्हणे! हा मला शिकवणार! खरं तर शपथ त्यांच्या लक्षात होती, पण शपथ बायकोच्या अंगठीपुरती होती, डागापुरती नव्हती, असा वकिली मुद्दा त्यांना वाटेतच सुचला. जिन्याखाली पोचेपर्यंत तो पक्का झाला होता.

त्यांनी मोटार सुरू केली. एवढा तुकडा शेजारच्या पट्टीत मिसळून टाकू, बस्स. पण मिसळायला गेलं की तुकड्याची चमक पट्टीवर सरकते, मग उरलेली पट्टी मळकी दिसते. ती उजळावी तर पानं मध्ये येतात. पानांवरून एकदा हलकंसं चाक फिरलं. आता एका बाजूची पानं पुसट, दुसरीकडची ठळक, हे काही बरं दिसेना. दुसऱ्या बाजूवरूनही फिरलं. मग खालून सगळं लखलखत असताना वरची जाळी बिचारी आजारी दिसायला लागली. प्लॅटिनम हट्टी खरं, पण चकचकीतराव त्याहून हट्टी. वडी बदलून, जोर लावून, शीळ घालत त्यांनी काठ नितळ केला. अंगठी धुऊन उजेडात धरली तेव्हा तिच्यात त्यांचं तोंड दिसत होतं, आणि ते फार खूश होतं. घरी जाताना त्यांनी तिच्यासाठी नवी मखमली डबीसुद्धा घेतली.

बायको खिडकीशी बसून बोटं शेकत होती. त्यांनी डबी तिच्या मांडीवर ठेवली आणि पडदा वर जाण्याची वाट बघावी तसे समोर उभे राहिले.

तिने अंगठी काढली. उलटीसुलटी करून पाहिली, नखाने काठ चाचपला.

"छान आहे हो," ती म्हणाली. "घडण आमच्या अंगठीसारखीच आहे. पण ही साच्यातली ना? आजोबांचं काम कसं टोचायचं बोटाला." तिने ती हळूच डबीत ठेवली. "कुणाची आहे?"

चकचकीतरावांनी डबीकडे पाहिलं. आपण काय करून बसलो हे त्यांना कळलं, आणि ज्या माणसाला जन्मात काही कळलं नाही त्याला ते असं एका क्षणात कळणं फार वाईट होतं. सांगावं, तिचे पाय धरावेत, असं आतून वाटलं. पण शेवटी होते ते चकचकीतरावच.

"एका गिऱ्हाइकाची," ते म्हणाले.

"आणि माझी? दादा कधी देतोय?"

"उद्या म्हणालाय."

"उद्या नक्की ना? मला बाई त्याशिवाय चैन पडत नाही." ती हसली. डबीचं झाकण तिने नीट दाबून लावलं आणि ती त्यांच्या हातात दिली. "ही सांभाळून न्या. परक्याची वस्तू आहे."