गाईचं शिंग आन् कांताचा डोळा

मंगळवारी सकाळी माझ्या बायकोनं, कांतानं, गाय पिळली, चहा मांडला आन् बाजेवर उताणी पडली. मी तिच्या उजव्या डोळ्यात औषधाचा थेंब टाकला. पहिला गालावर गेला. "अवो, डोळा इकडं हाये," ती म्हणाली. आमचं दोघांचं शेवटचं काम ते. दुपारी छातीत कळ आली. मालेगावच्या दवाखान्यात पोचायच्या आधीच गेली.

डोळ्याचा त्यात दोष नाही. डोळा बरा झाला होता, दाबाचं औषध तेवढं रोज टाकायचं. त्या डोळ्याचंच सांगतो, कारण आधी तिथं मी चुकलो होतो.

दिवाळीच्या आधी दूध काढताना गाईनं मान झटकली, शिंग कांताच्या डोळ्याले लागलं. रगत नाही आलं. संध्याकाळी तिचं डोकं ठणकायले लागलं, वर ओकाऱ्या. मी म्हणलो, "पित्त हाये," आन् लिंबू पाजलं. दोन दिवस पाजलं. डोळा लालभडक झाला. तिसऱ्या दिवशी त्या डोळ्यानं तिले दार दिसेना, तवा वाशीमले नेलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाबा, डोळ्यातलं भिंग जागेवरून सरकलंय. आतलं पाणी अडलं, दाब वाढला. याला ग्लॉकोमा म्हणतात, म्हणजे काचबिंदू. उशीर केलात. नस सुकली तेवढी नजर परत येत नाही. उरलेली वाचवू."

सलाईनमधून औषध देऊन दाब उतरवला. मग ऑपरेशन. सरकलेलं भिंग काढलं, टाके घालून दुसरं बसवलं. मी बाहेर बाकावर बसून त्या लिंबाले शिव्या देत होतो.

पट्टी सोडली तशी ती डावा डोळा झाकून माझ्याकडं पाहून म्हणाली, "दाढी काहून नाही केली?" मी तोंड फिरवलं. डोळे माझेच गळत होते.

घरी येऊन म्हणलो, "गाय विकून टाकू."

"माशी बसली व्हती तिले. तुमी दोन दिवस लिंबू पाजलं, तुमाले विकू का?"

तवापासून ती आधी गाईची मान खुंट्याले बांधे, मगच पिळायले बसे.

तुमच्या घरी कोणाच्या डोळ्याले मार लागला, डोकं दुखलं, ओकारी आली, तर पित्त म्हणू नका. त्याच दिवशी डोळ्याचा डॉक्टर गाठा.

मंगळवारीच तिले अग्नी दिला. बुधवारी सकाळी गाय हंबरायले लागली. कांताशिवाय ती कोणाले पान्हा सोडत नव्हती. मी दोरीवरचं कांताचं लुगडं काढलं, डोक्यावरून ओढून घेतलं. आधी गाईची मान बांधली. मग खाली बसलो. गाईनं लुगडं हुंगलं आन् पान्हा सोडला.